करिश्माचे ठोके

पोलीस भरतीची जाहिरात निघाली त्या आठवड्यात रोहितनं करिश्माला घड्याळ आणून दिलं. तो अकोल्याला एमआयडीसीतल्या एका दाल मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता, तिथंच खोली करून राहायचा आणि रविवारी वलगावच्या पुढं असलेल्या आपल्या मळ्यात यायचा. मळ्यात आई होती, माणिकबाई, आणि ही धाकटी बहीण. दोघी मिळून वांगी, भेंडी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायच्या, तोडायच्या आणि अमरावतीच्या बाजारात घालायच्या.

वडील, भगवंतराव, दोन वर्षांपूर्वी त्याच बाजारात वारले. वांग्यांचे कॅरेट उतरवता उतरवता खाली बसले, छातीत जळजळ होते म्हणाले. रोहित सोबत होता. त्यानं समोरच्या टपरीवरून सोडा आणून पाजला, त्यांना बाकड्यावर आडवं केलं आणि राहिलेले कॅरेट स्वतः उतरवले. अर्ध्या तासानं उठवायला गेला तेव्हा ते उठले नाहीत. त्या अर्ध्या तासाबद्दल घरात कोणी त्याला कधी काही बोललं नाही. त्यानंही तो विषय कोणाजवळ काढला नाही.

करिश्मा बावीस वर्षांची होती आणि पळायची. गावाबाहेरच्या मैदानावर योगेश सर दहा-बारा पोरींना तयार करत होते. सर स्वतः दोनदा भरतीत राहून गेलेले, त्यामुळे कुठं माणूस कमी पडतो ते त्यांना नेमकं माहीत होतं. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, मैदानाच्या दोन फेऱ्या. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं की वीसपैकी वीस गुण. करिश्मा दोन अठ्ठेचाळीसमध्ये येत होती.

"यात वेळ दिसते, किती पळाली ते दिसते, ठोकेबी दिसतात," रोहितनं तिच्या मनगटावर पट्टा बांधत सांगितलं. घड्याळाचं ॲप त्यानं तिच्या फोनमध्ये टाकलं आणि त्याच खात्यावर आपल्याही फोनमध्ये. करिश्मानं हात फिरवून फिरवून घड्याळ पाहिलं. तिला ते फार आवडलं.

तीन-चार दिवस रोहित सकाळी डबा भरता भरता तिची वेळ तेवढी पाहायचा. पाचव्या दिवशी खाली लाल रेघ दिसली. आठशे मीटरच्या शेवटी ठोके दोनशे चार.

त्यानं इंटरनेटवर शोधलं. दोनशे वीसमधून वय वजा करा, त्याच्या वर जाऊ नये, असं लिहिलेलं होतं. म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव. पुढं बरंच काही लिहिलेलं होतं, तेही त्यानं वाचलं. मग फोन लावला.

"तुले चक्करगिक्कर येते का?"

"नाई. काहून?"

"छातीत काही वाटते?"

"दादा, मी पळून आली तं दम लागनच ना. मले काही झालं नाही."

"उद्या हळू पळजो. माह्यासाठी."

दुसऱ्या दिवशी ती हळू पळाली. वेळ तीन मिनिटांच्या वर गेली आणि ठोके तरी एकशे शहाण्णव. मग रोहितला वाटलं, घड्याळच खराब असेल. रविवारी घरी आला तेव्हा त्यानं ते आपल्या हाताला बांधलं, ओट्यावर बसला आणि दुसऱ्या हाताची बोटं नाडीवर ठेवून मिनिटभर मोजलं. बोटांनी शहात्तर. घड्याळात सत्त्याहत्तर. करिश्माचेही बसल्या जागी मोजले, तेही जुळले. घड्याळ बरोबर होतं.

सोमवारची सुटी टाकून तो सकाळी तिच्यासोबत मैदानावर गेला. ती पळून आली तशी त्यानं तिच्या मानेवर बोटं ठेवली. घड्याळ दोनशे एक दाखवत होतं. त्यानं मोजायला सुरुवात केली. मानेतले ठोके कोणते आणि आपल्या बोटातले कोणते हे त्याला समजेना. चाळिसाच्या पुढं आकडा सुटला. पुन्हा सुरुवात केली तोवर तिचा दम बसला होता.

योगेश सर जवळ आले. "काय पाहून राहिला रे भाऊ?"

रोहितनं फोन दाखवला.

"ते सोड. तिच्या तोंडाकडं पाह. ओठ काळे पडले का? बोलता येऊन राहिलं ना तिले?"

"माह्या बाबाच्या तोंडाकडंबी पाहिलं होतं मी," रोहित म्हणाला.

सर पुढच्या पोरींची वेळ घ्यायला वळले.

त्या दिवशी दुपारी जेवताना रोहितनं आईला सांगितलं. पुढं कित्येकदा त्याच्या मनात आलं की तेवढं एकदा तोंड आपण बंद ठेवलं असतं तर. माणिकबाईंनी हातातली भाकर ताटात ठेवली. दोनशे चार म्हणजे किती हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं, "आन् चांगल्या माणसाचे किती रायतात?"

"सत्तर-ऐंशी."

"बसल्यावर," करिश्मा म्हणाली. "आई, पळाल्यावर सगळ्याइचे वाढतात. माह्यासंग पळते त्या आचलचे मोज, कोणाचेबी मोज."

"आचलचा बाप जिता हाय," माणिकबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून करिश्माचं पळणं बंद झालं. आई तिला रागावली नाही, रडली नाही. सकाळी करिश्मा उठायच्या आधी दाराशी जाऊन बसायची, एवढंच. करिश्मा बूट हातात घेऊन उभी राहायची, मग बूट ठेवून भेंडी तोडायला जायची.

अकोल्याला हृदयरोगाच्या डॉक्टरबाईंची वेळ बारा दिवसांनी मिळाली. मधल्या काळात रोहितनं आईला फोनवर म्हणून पाहिलं, की थोडं तरी पळू दे, अंग सुटून जाईल. "तूच तं सांगतलं," एवढंच ती म्हणायची.

दवाखान्यात तिघंही गेले. आधी ईसीजीची पट्टी काढली, मग सोनोग्राफीसारखं छातीवर यंत्र फिरवून झालं. शेवटी करिश्माच्या छातीला वायरी चिकटवून तिला चालत्या पट्ट्यावर चढवलं. डॉक्टरबाईंनी घड्याळ हातातच राहू द्यायला सांगितलं. पट्टा हळूहळू जोरात फिरू लागला. भिंतीवरच्या पडद्यावर ठोके दिसत होते. ते एकशे अठ्ठावन्न झाले तेव्हा घड्याळात चौऱ्याण्णव होते. पट्टा अजून वाढवला, करिश्मा पळायला लागली. पडद्यावर एकशे बाहत्तर, आणि घड्याळ एकदम एकशे नव्वदवर.

"हे पाहा," डॉक्टरबाई रोहितला म्हणाल्या. "आता तिची पावलं मोजा."

रोहितनं पंधरा सेकंद पावलं मोजली. अठ्ठेचाळीस. म्हणजे मिनिटाला एकशे ब्याण्णव.

"घड्याळ कातडीवर उजेड पाडतं आणि रक्त किती वेळा उसळलं ते पाहतं. बसलेल्या माणसाचं नीट कळतं. पळताना हात हलतो, घाम येतो, मनगटावरचा पट्टा सैल असतो. मग ते पावलांनाच ठोके समजायला लागतं. कधी फार वर दाखवतं, कधी फार खाली. आणि वय वजा करायचा तो हिशेबही अंदाजाचाच आहे. दहा-बारा इकडेतिकडे होतातच. आजच्या तपासणीत मला काही दोष दिसला नाही. पळू द्या तिला."

एवढं हलकं रोहितला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. करिश्मा वायरी निघायच्या आधीच हसायला लागली होती.

माणिकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "तुह्या बाबाचीबी पट्टी निघाली होती. दवाखान्याच्या शिबिरात. मरायच्या चार महिने आधी. काही नाही म्हनत होते तेबी."

"आई, ती साधी पट्टी होती. हे वेगळं हाय."

"ते मले काय समजते बाप्पा."

"अवं, घड्याळच चुकत होतं. तू आपल्या डोयानं पाह्यलं ना?"

"घड्याळ चुकते म्हनतेत, मंग डाक्तरचं मशीन नाई चुकत काय?"

बसस्टँडपर्यंत रोहित समजावत राहिला. पावलं, उजेड, घाम, सगळं पुन्हा सांगितलं. सांगता सांगता त्याला जाणवलं की एक आकडा सांगायला आपल्याला एक वाक्य पुरलं होतं आणि तो काढून घ्यायला आता काहीच पुरत नाही. आई ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काही बदलत नव्हतं. करिश्मा मधे चालत होती. कोणाकडंच पाहत नव्हती.

मैदानी चाचणीला पाच दिवस राहिले होते. आईनं आधी चालायची परवानगी दिली. तिसऱ्या दिवशी योगेश सर घरी येऊन बसले, तेव्हा थोडं पळायचीही दिली. चाचणीच्या सकाळी तिनं स्वतः करिश्माच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "पळ. पन जीव तोडून नको पळू माय."

रोहित तिला मोटारसायकलवर घेऊन गेला. आत फक्त उमेदवारांना सोडत होते, घड्याळ-मोबाईल काही चालत नव्हतं. ते सगळं तिनं घरीच ठेवलं होतं. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला आई-बाप, भाऊ, नवरे उभे होते. भिंतीमुळे मैदान दिसत नव्हतं; मधूनमधून शिट्टी ऐकू यायची आणि मग पायांचा आवाज. त्यातले पाय कोणाचे ते ओळखता येत नव्हतं. प्रत्येक शिट्टीला रोहित उठून उभा राहायचा. एकदा एक रुग्णवाहिका फाटकातून आत गेली, तेव्हा त्यानं बंदोबस्तावरच्या शिपायाला जाऊन विचारलं. ती रोजच येऊन उभी राहते, असं शिपाई म्हणाला.

अकराच्या सुमाराला करिश्मा बाहेर आली. चेहरा नीट होता, चाल नीट होती. त्यानं आधी तेच पाहिलं.

"किती?"

"तीन बारा."

तिनं त्याच्या हातातली बाटली घेतली, पाणी प्यायली, आणि भिंतीला टेकून सांगायला लागली.

"पयली फेरी चांगली गेली. दोघीच माह्या पुढं होत्या. दुसऱ्या फेरीत कानात ठोके ऐकू यायले लागले. आधीबी येत असतीन दादा, पन मी कधी ऐकलेच नव्हते. मले वाटलं आता किती झाले असतीन. दोनशे झाले असतीन का. पळताना मनगट पाह्यलं, तं तिथं काही नाही. मंग पायच उचलेना."

"डॉक्टरनं सांगतलं होतं ना तुले काही नाही म्हणून."

"मले माहीत हाय ते," करिश्मा म्हणाली. "मले सगळं माहीत हाय."

यादी लागायला महिना गेला. गोळाफेक आणि शंभर मीटरमध्ये तिचे गुण चांगले होते. आठशे मीटरमध्ये वीसऐवजी चौदा मिळाले. लेखी परीक्षेला बोलावलेल्यांची यादी जिथं थांबली, तिथून ती चार गुणांनी खाली होती. आचल यादीत होती. करिश्मानं तिला फोन करून अभिनंदन केलं आणि पुढच्या रविवारी आपली पुस्तकं तिला नेऊन दिली.

रोहितनं माफी मागायचं ठरवलं होतं. तो आला तेव्हा करिश्मा वांग्याला पाणी देत होती. तो दोन-तीन वाक्यं कशीबशी बोलला. तिनं पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

"तू काही वाईट नाही केलं," ती म्हणाली. "तुह्या जागी मी असती तं मीबी तेच केलं असतं. पन आता तू मैदानावर येत नको जाऊ."

"नाही येत."

"फोनवरबी नको विचारू, कशी पळाली म्हणून."

"बरं."

माणिकबाई ओट्यावरून दोघांकडं पाहत होत्या. आता त्या पळायला नाही म्हणत नव्हत्या. पुढची भरती कधी निघेल कोणाला माहीत नव्हतं, वर्षानं, दीड वर्षानं. त्याचा त्यांना थोडा आधारच वाटत असावा.

तीन महिने रोहितनं विचारलं नाही. ॲप त्यानं दोन्ही फोनमधून काढलं होतं. मग एक दिवस जेवणाच्या सुटीत मिलच्या मागच्या शेडमध्ये बसून त्यानं योगेश सरांना फोन लावला, आणि करिश्माला सांगू नका असं आधी म्हणाला.

सर म्हणाले, "येते रोज. मेहनत पयल्यापेक्षा जास्त करते. सहाशे मीटरपर्यंत पोरगी वाऱ्यासारखी. मंग ढिली पडते. रोज त्याच जागी."

"दम कमी पडते का?"

"दम हाय रे. दम पुरून उरन एवढा हाय. तिथं आली का ती सोताले ऐकाले लागते. मी ओरडतो, सोबत पळतो, गोष्टी सांगतो, सगळं करून पाह्यलं. पाय मले सुधरोता येतात, भाऊ. हे नाही येत."

"मंग मी काय करू सर?"

"तू? तू काही करू नको."

शेडमध्ये तूरडाळीची बारीक धूळ उडत होती. सर अजून फोनवर होते, काही तरी धीराचं बोलायला शब्द शोधत होते. मग सुटी संपल्याचा भोंगा वाजला, रोहितनं सरांचा निरोप घेतला आणि आत जाऊन मिलच्या मोटारींचे खटके एकेक करून वर केले.