ब्रेक लागले होते

गाडी थेट बोटीच्या फाटकापर्यंत आली आणि शाहरिलच्या बॅगेपासून वीतभर अंतरावर थांबली. रांगेतली माणसं ओरडत बाजूला झाली. मी समोरच भाताच्या पुड्या विकत बसले होते. हातातली पुडी हातातच राहिली.

गाडीतून मक हालिजा उतरली.

"लागले की नाही ब्रेक?" तिने विचारलं.

शाहरिलचा चेहरा पडला. तो क्वालालंपूरचा पाहुणा, बायकोला घेऊन सुट्टीवर आलेला. "मक, मी ॲपवर सगळं कळवलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आता कंपनी बघेल काय ते."

"कंपनी या बेटावर राहत नाही. मी राहते. चल, बस गाडीत."

बेटावर सगळेच तिला मक, म्हणजे आई म्हणतात. कोणावर आवाज चढवणारी बाई नव्हे ती. उभी हयात हॉटेलातल्या खोल्या साफ करण्यात गेली. साफसफाईच्या औषधांनी बोटांची सालं निघायला लागली तेव्हा तिने काम सोडलं आणि ही जुनी पांढरी गाडी घेतली. चालवायला शिकली ती नवरा गेल्यावर, केस पिकल्यावर. आमच्या लंकावीत बस नाही. उतरलेल्या माणसाला गाडी लागतेच. म्हणून ज्याच्या दारात गाडी, तो ती ॲपवर टाकतो. धक्क्यावर उभी करायची, किल्ली चाकावर ठेवायची. पाहुणा बेट फिरून येतो आणि तिथेच परत लावतो. पुष्कळदा मालकाने पाहुण्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. हालिजाचा मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, या वयात कशाला हे लचांड? विकून टाक." ती म्हणायची, "जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळल्या रे. ही एक माझी आहे."

त्या सकाळी ती गाडी न्यायला आली तर बॉनेट चेपलेलं, डावा दिवा फुटलेला, पुढच्या जाळीत काळे राठ केस अडकलेले. फोनवर कंपनीचा निरोप: ब्रेक निकामी असल्याची तक्रार आहे, तुमची गाडी ॲपवरून काढली आहे. आणि शेजारच्या गावच्या पाक देरमानचं, म्हणजे देरमानबाबाचं, रेडकू रस्त्याकडेला मरून पडलंय, हे तर तिने येतानाच ऐकलं होतं. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही. पाहुण्याचा फोटो ॲपवर होताच, आणि तो समोरच बोटीच्या रांगेत उभा होता.

"अंधार होता, मक," शाहरिल म्हणाला. "जनावर मध्येच आलं."

"येणारच. त्यांचंही गाव आहे ते. तू थांबलास का?"

त्याची बायको एलिना खाली बघत म्हणाली, "मी म्हटलं होतं थांब म्हणून."

त्याने पाकीट काढलं. मकने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ते आत ठेव. बस."

"आमची बोट सुटेल!"

"दुसरी येते."

तेवढ्यात फाटकावरचा शिपाई शिट्टी फुंकत आला. "मक, काय चाललंय? गाडी काढा इथनं!"

"काढते ना, बाबा. हा बसला की लगेच काढते."

रांगेत हशा पिकला. शाहरिलला तो हशाच जास्त झोंबला असावा. बायको आधीच मागे जाऊन बसली होती. तो पुढे बसला. मकने मला हाक मारली, "साल्मा, तूही चल. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारीने रचून सांगितलं." मी पुड्यांवर फडकं टाकलं आणि निघाले.

वाटेत मक नेहमीसारखीच सावकाश चालवत होती, फक्त प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून त्याच्याकडे बघायची.

पाक देरमान भातखाचराच्या कडेला खड्डा खणत होता. रेडकावर झावळ्या टाकलेल्या होत्या. माडाला बांधलेली म्हैस दाव्याला हिसके देत हंबरत होती. शाहरिलने मान खाली घालून माफी मागितली. म्हाताऱ्याने कुदळ टेकली आणि एकच विचारलं,

"लगेच गेलं का ते?"

शाहरिलने बायकोकडे बघितलं. एलिनाच म्हणाली, "नाही, पाक. पाय हलवत होतं."

"मग मला हाक का नाही मारलीत? ते काय घर माझं, दिवा जळत होता. मी अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली असती. ते सुटलं असतं. मांस चार घरांत तरी गेलं असतं." त्याने कपाळ पुसलं. "आता मेलेलं जनावर. खाता येत नाही, विकता येत नाही. कितीतरी वेळ तडफडलं असेल बिचारं."

तो ओरडला असता तर बरं, असं मला वाटलं. शाहरिलने बूट काढले, टोपी काढली आणि म्हाताऱ्याच्या हातातून कुदळ घेतली. त्याला खणता येत नव्हतं. हाताला फोड आले तरी तो थांबला नाही. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून रेडकू खड्ड्यात उतरवलं.

माती ओढून झाल्यावर मक म्हणाली, "आता यांच्यासमोर सांग. ब्रेक लागले होते की नाही?"

"मी दाबलाच नाही," तो म्हणाला. "फोनमध्ये बघत होतो."

"हेच कंपनीला लिही."

त्याने बांधावर बसून, चिखलाच्या बोटांनी लिहिलं. रेडकाची किंमत पाक देरमानच्या हातात ठेवली, तीही आता मकने अडवली नाही. संध्याकाळच्या बोटीने दोघं गेली.

कंपनीचं उत्तर आलं: निर्णय बदलता येत नाही. मकने पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर पुन्हा आलं. ॲपवर गाड्या असलेले आमचेच लोक धक्क्यावर तिला टोमणे मारायला लागले. एक जण म्हणाला, "मक, पाहुण्यांना रांगेतून ओढाल तर बेटावर कोण येईल? घाबरतील ना सगळे."

"घाबरू देत. घाबरलेला माणूस सावकाश चालवतो."

आता ती स्वतःच धक्क्यावर उभी राहते. पुठ्ठ्यावर 'गाडी भाड्याने मिळेल' असं लिहून तो काचेला लावलेला असतो. गिऱ्हाईक पूर्वीइतकं मिळत नाही. लोक उतरतात ते फोनमध्ये बघत, ठरलेल्या गाडीकडे जातात. एखादा तिच्याकडे आलाच तर ती त्याला समोर उभं करते आणि विचारते, "रस्त्यात जनावर आलं तर काय करशील?"

परवा दुपारी एक तरुण आला, मागे बायको आणि मोठाल्या बॅगा. सकाळपासूनचं तिचं पहिलंच गिऱ्हाईक. प्रश्न ऐकून तो हसला. "हॉर्न वाजवीन की!"

"आणि धडक बसली तर?"

"बसली तर बसली. विमा असेल ना?"

मकने मान हलवली. "तुम्ही दुसरी बघा."

तो बडबडत निघून गेला. मी तिच्यासाठी भाताची एक पुडी घेऊन गेले. ती ओढणी नीट करून पुन्हा गाडीला टेकून उभी राहिली होती. ऊन चढलं होतं, समुद्रावर अजून एकही बोट दिसत नव्हती. तिने पुडी घेतली आणि उभ्यानेच खायला लागली.