पायातलं मीठ

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्या गाळ्यासमोर सकाळपासून चपलांचा ढीग पडायचा. आत प्लास्टिकचा टब, टबात दोन दांड्यांचं यंत्र, आणि शेजारी पांढऱ्या कोटावर रुद्राक्षाची माळ घातलेले डॉक्टर हरिचंद्र महाराज. कोटही आणि माळही, म्हणजे दोन्हीकडची गिऱ्हाइकं.

"घरचं मीठ आणलंत? टाका मूठभर. पाय सोडा. अब देखो, क्वांटम एनर्जी! पेशीपेशीतली शुगर खेचून काढणार!"

बटण दाबलं की पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, मग पार गटाराचं व्हायचं. "आई शप्पथ!" म्हणत लोक मोबाइल उंच धरायचे. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान समोरच, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट दिसायचा.

सगळ्यांत भाविक गिऱ्हाईक म्हणजे कमळाबाई. निम्मी हयात उरणकडच्या मिठागरात अनवाणी गेलेली. पायांत मीठ मुरलंय आणि शुगर त्याला धरून बसलीय, हे तिला महाराजांनी सांगितलं नव्हतं. तिनंच त्यांना सांगितलं. त्या लबाडानं फक्त मान डोलावली.

"कवरा मीठ परला बघ भायेर!" ती टबाला हात जोडायची. पायाच्या अंगठ्याची जखम दुखायची थांबली होती, म्हणजे गुण आलाच. इन्शुलिन महाराजांनी कधीच बंद करवलं होतं. "माताजी, इंजेक्शन घेतलंत तर मशीन कन्फ्यूज होते. आपण रिसर्च करतोय!"

तिची नात भाविका दहावीत; शाळेतलं आणि नंतरचं मला तिच्याकडूनच कळलं. तिनं हे सगळं वर्गात विज्ञानाच्या यशोधरा टीचरना सांगितलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत अल्पेश उठला. वर्गातला हुशार पोरगा.

"टीचर, आजीला अजून थोडे दिवस जाऊ दे ना. जखम वाढेल, आपण डेली फोटो काढू. सॉलिड प्रूफ मिलेगा!"

"आजींना विचारलंस?"

"विचारलं तर एक्सपेरिमेंटच बिघडेल."

"तो महाराजही तिला विचारत नाही, अल्पेश. तोही रिसर्चच म्हणतो." अल्पेश खाली बसला. "शाळा सुटली की सगळे तिकडे. उद्यावर ढकलायचं नाही."

टबात नुकतंच नवं पाणी आणि कमळाबाईचं मीठ पडलं होतं. ती पाय सोडणार, तेवढ्यात भाविकानं आपली रबरी चप्पल आत टाकली आणि अल्पेशनं बटण दाबलं.

"अरे, बिना पेशंट मशीन जल जायेगी!" महाराज किंचाळले.

मशीन काही जळलं नाही. पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, गटाराचं झालं.

"चपलेला शुगर झाली रे!" कुणीतरी ओरडलं.

टीचरनी बटण बंद केलं, दांडी उचलून बोटाला लागलेला गंज सगळ्यांना दाखवला. "हे लोखंड आहे. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं, त्याचा हा रंग. पाय असो, चप्पल असो, नाहीतर काहीच नसो. मीठ नसेल तर वीज नीट जात नाही, म्हणून हा तुमच्याकडून मीठ मागवतो."

महाराज मागच्या दारानं सटकले. मग गर्दी कमळाबाईकडे वळली. "बुढिया गंजाच्या पाया पडत होती!" हसणाऱ्यांतले निम्मे तिच्याच मागे रांगेत उभे होते. मला महाराजापेक्षा त्यांची जास्त चीड आली.

"बाय, मंग माझे पायानचा मीठ?" कमळाबाईनं विचारलं.

"मिठानं कातडी राठ होते, आजी. ते आत मुरून बसत नाही." टीचरनी तिची पट्टी सोडली. अंगठा काळा पडला होता. वासानं हसणारे मागे सरले. साखरेनं पायाच्या नसाच मेल्या होत्या, म्हणून दुखत नव्हतं. ज्याला ती गुण म्हणत होती, तो रोगच होता.

दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली कापला.

महाराजांनी बदलापुरात नवा गाळा थाटल्याचं कळलं, तेव्हा अल्पेश टीचरबरोबर तिला भेटायला गेला. या वेळी त्यानं विचारलं, "आजी, फोटो काढू? तिकडच्या लोकांना दाखवतो."

"नको रं पोरा. हसले तवरे बस झाले."

त्यानं मोबाइल खिशात घातला. बाहेर आल्यावर म्हणाला, "प्रूफ गेलं, टीचर."

"जाऊ दे. पाय तिचा होता."

म्हणून इथे फोटो नाही, नुसते शब्द आहेत. तेही तिला वाचून दाखवले आणि तिचं नाव बदललं. बदलापूरकरांनो, टबात पाय सोडण्याआधी ते यंत्र एकदा मिठाच्या पाण्यात, पण पायांशिवाय चालवायला लावा. पाणी तरीही तपकिरी झालं, तर उठा आणि आपलं औषध घ्या. शेजारचं कुणी आधीच फसलं असेल तर त्याला हसू नका, हाताला धरून डॉक्टरकडे न्या. कापलेला पाय पुन्हा फुटत नाही.