'मी ठीक आहे'चं बटण

साऱ्या गल्लीच्या त्या मावशी. दूरदेशी राहणाऱ्या मुलाने त्यांच्या फोनवर ते बसवून दिलं, तेव्हा त्यांना कौतुकच वाटलं होतं. सकाळी आठ वाजले की पडद्यावर हिरवं बटण यायचं : 'मी ठीक आहे'. दाबलं की मुलाला खूण पोचायची.

पण बटण आलं आणि मुलाचा आठचा फोन बंद झाला. "आता कळतंच ना गं मला," तो म्हणाला होता. खरंच, त्याला कळत होतं. त्याचं कसं चाललंय, ते मात्र मावशींना कळेनासं झालं. देव भावाचा भुकेला म्हणतात. आईचं तरी वेगळं काय असतं?

त्यांनी बटणवाल्या कंपनीला कळवलं, 'गैरसोय होते.' आठवड्यात बटण दुप्पट मोठं झालं. पुन्हा कळवलं, तर ते लालभडक होऊन "दाबा, दाबा" असं बोलायला लागलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडलेल्या बाईला म्हणे बटण दिसत नाही!

मंगळवारी त्यांनी ते दाबलंच नाही. नऊ वाजता कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"मावशी, बऱ्या आहात ना? बटण सापडत नाहीये का?"

"अगं, म्हशीएवढं केलंत ते. न सापडायला काय झालं?"

मुलगी खुदकन हसली. "मग कारण काय लिहू? 'दिसत नाही', 'जमत नाही', की 'विसरते'?"

"लिही, पोरगा फोन करायचा, तो आता करत नाही."

पलीकडची टकटक थांबली. "याला रकाना नाही हो."

"मग रकान्याशिवाय बंद कर."

"एकट्या असता. पडलात-झडलात तर?"

"तर पडेन, बाई. तुझी काळजी खरी आहे, आवाजावरून कळतं मला. पण घर माझं, जीव माझा."

"आम्हाला तीनदा समजवायला सांगितलंय."

"कितीदा झालं?"

"एकदाच."

"मग उरलेलं उरक. माझ्यापायी तुला बोलणी नकोत."

मुलीने पाठ केलेलं दोनदा घडाघडा म्हटलं. मावशींनी मन लावून ऐकलं आणि दोन्ही वेळा "नको" म्हटलं.

"केलं बंद," मुलगी हळूच म्हणाली. "मुलाला निरोप जाईल. कारण तुमच्याच शब्दांत लिहिलंय, शेरा म्हणून."

दुपारी मुलाचा फोन आला. "आई, हे काय नवीन? काम टाकून बाहेर आलोय मी!"

"भांडायला केलास ना? भांड."

तो भांडला नाही. नुसताच श्वास ऐकू येत राहिला, जिना चढून आल्यासारखा.

"दमलायस," मावशी म्हणाल्या.

"हो गं," तो म्हणाला. "रोज नाही जमणार, आई. खोटं कशाला बोलू?"

"मग जमेल तेव्हा कर. पण तू कर."

"रविवारी करतो. नक्की."

फोन ठेवला तसं घर पुन्हा चिडीचूप झालं. मावशींनी बोटांवर मोजलं : पाच दिवस.

बुधवारी आठ वाजता पडदा कोरा होता. त्यांनी एकदा बघितलं, फोन उपडा ठेवला आणि केर काढायला घेतला.