अंगठे असलेला प्रतिस्पर्धी

डेस पर्किसला जपानला जायचं होतं, आणि शक्यतो स्वतःच्या खिशाला न कळता जायचं होतं.

इच्छा तशी निर्मळ होती. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि बायकोला, ग्लेनिसला, त्यानं 'यंदा एक गंमत आहे' एवढंच सांगून ठेवलं होतं. गंमत म्हटली की ग्लेनिस धसकायची. पंचविसाव्या वर्षीची गंमत म्हणजे डब्बो नावाच्या गावातलं कचरा-व्यवस्थापनाचं प्रदर्शन निघालं होतं, आणि तिथं तिनं नवऱ्याच्या स्टॉलवर उभं राहून पत्रकं वाटली होती. या खेपेला मात्र डेसनं जपानच्या डोंगरातली गरम पाण्याच्या कुंडांची एक सराई खरोखरच ठरवून टाकली होती. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. आता तो खर्च कंपनीच्या संशोधनात बसवायचा, एवढा किरकोळ तपशील काय तो उरला होता.

डेसचा कारखाना ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, थिरूलला होता आणि त्यात कचऱ्याच्या डब्यांची झाकणं बनत. झाकणं म्हणून नाक मुरडू नये. त्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या काकाकुव्यांना डबे उघडायची विद्या अवगत झाली होती. डबे रस्त्यावर आले रे आले की हे तुरेवाले पाहुणे हजर. लोकांनी झाकणांवर विटा ठेवून पाहिल्या. पाहुण्यांनी त्या ढकलून दिल्या. मग आलं पर्किसचं झाकण. दोन्ही बाजूंचे दोन खटके एकाच वेळी अंगठ्यांनी दाबले तरच ते उघडायचं. काकाकुव्याला अंगठे नसतात, या एका भरवशावर आख्खी कंपनी उभी होती.

या संशोधनावर डेस दरवर्षी सरकारकडून करसवलत घ्यायचा. अर्ज लिहायचा फिन ऑस्लर नावाचा सल्लागार. तो बूट बिनमोज्यांचे घालायचा आणि मिळालेल्या सवलतीतला वाटा हीच फी समजायचा. 'कचऱ्याचा डबा उघडण्यात थिरूलच्या काकाकुव्याची बरोबरी करील असा दुसरा जीव पृथ्वीवर नाही,' हे वाक्य त्याच्याच लेखणीतून उतरलेलं. डेसला ते इतकं आवडलं होतं, की त्यानं ते चौकट करून भिंतीवर टांगलं होतं.

"परदेशातल्या संशोधनालाही सवलत मिळते," फिन म्हणाला. "फक्त सरकारी खात्याची आधी परवानगी हवी, जून संपायच्या आत अर्ज करायचा. आणि एक सिद्ध करावं लागतं, की हे काम ऑस्ट्रेलियात होऊच शकत नाही."

डेसच्या कपाळाला आठी पडली. त्याच्या प्रत्येक झाकणावर कांगारूचं चित्र होतं आणि खाली लिहिलेलं होतं, 'इथंच घडवलं, इथंच तपासलं.'

"होऊ शकत नाही म्हणजे?"

"म्हणजे इथं ते यंत्र नाही, किंवा ती जमीन नाही, किंवा ते इथं आणायला बंदी आहे, किंवा तो प्राणी इथं नाही. यातलं काहीतरी एक. बोल, जपानमध्ये असं काय आहे जे आपल्याकडे नाही?"

"गरम पाण्याची कुंडं."

"ते तुझ्यासाठी रे. डब्यासाठी काय?"

डेसनं टेबलावरचं सराईचं पत्रक उचललं. मुखपृष्ठावर एक लालतोंड्या माकड डोक्यावर बर्फ घेऊन, डोळे मिटून वाफेत बसलं होतं. खातं बंद करून निवांत झालेल्या मंत्र्यासारखं.

"माकडं," डेस हळूच म्हणाला.

"अंगठ्यांची!" फिन खुर्चीवरून उठलाच. "डेस, तू हुशार आहेस. हे मी उगाच म्हणत नाही, अर्जातही लिहीन."

झाकणाची रचना मेरिन हॉस्किन नावाच्या इंजिनिअरबाईनं केली होती. तिला बोलावून योजना सांगितली.

"आपल्याकडे रस्त्यावर माकडं नाहीत," ती म्हणाली.

"तेच तर!" फिन म्हणाला.

"अरे, माकडं नाहीत तर डबा माकडांपासून वाचवायचा कशाला?"

"निर्यात."

मेरिननं हात टेकले. अर्ज गेला. त्यासाठी भिंतीवरचं वाक्य बदलावं लागलं. आता काकाकुवा हा 'चोचीपलीकडे साधन नसलेला, मर्यादित क्षमतेचा प्रतिस्पर्धी' झाला आणि झाकणाच्या पुढच्या प्रगतीला 'अंगठे असलेला, ऑस्ट्रेलियात न आढळणारा प्रतिस्पर्धी' अनिवार्य ठरला. चौकट डेसनं कपाटात टाकली.

एवढ्याशा अर्जावर खातं सहसा फोनवर दोन प्रश्न विचारून मोकळं होतं. पण अधिकारी थिया कालाफातिस यांची बहीण शेजारच्या गावात राहायची, म्हणून त्या स्वतःच आल्या. शांत बाई. सोबत डब्यातला घरचा केक आणला होता आणि तो त्यांनी सगळ्यांना वाटला. डेसला वाटलं, जिंकलो.

त्यांना मागच्या अंगणात नेलं. तिथं नवं झाकण बसवलेला डबा चाचणीसाठी ठेवलेला होता.

"हे झाकण काकाकुव्यापुढे टिकतं का, मिस्टर पर्किस?"

"टिकतं म्हणजे? शंभर टक्के!"

"म्हणजे संशोधन संपलं म्हणायचं. मग जपान कशाला?"

फिन खोकला.

"शंभर टक्के म्हणजे... अगदी शंभर नव्हे," डेस म्हणाला. "कधीकधी उघडतो लेकाचा."

"मग अजून इथंच तपासता येईल की. मग तरी जपान कशाला?"

तेवढ्यात भिंतीवर नगरसेवक येऊन बसला. नगरसेवक म्हणजे अंगणातला म्हातारा काकाकुवा. यायचं, आरडाओरडा करायचा, सगळीकडे कचरा करायचा आणि निघून जायचं, या कामकाजामुळे कामगारांनी त्याला ते नाव दिलं होतं. तो उडून डब्यावर उतरला. त्यानं झाकण उघडलं तरी जपान गेलं आणि नाही उघडलं तरी गेलं, हे डेसला कळत होतं. देवाकडे नेमकं काय मागावं, हेच कळत नव्हतं.

नगरसेवकानं खटक्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो मागे गेला, बिजागरीची खीळ चोचीत धरून उपसली आणि झाकण मागच्या बाजूनं उचलून खाली टाकलं. मग एक पिझ्झ्याचा तुकडा निवडून तो सगळ्यांसमोर सावकाश खाल्ला.

"अगं बाई!" मेरिन टाळ्या पिटत म्हणाली. "बिजागरी! हे माझ्या डोक्यातच आलं नाही!"

"मर्यादित क्षमता," थियाबाई अर्जाकडे बघत पुटपुटल्या.

"पण मॅडम, अंगठा!" फिननं शेवटचं अस्त्र काढलं. "अंगठ्याचा प्रश्न उरतोच. जपानी माकड ऑस्ट्रेलियात नाही."

"तस्मानियात, लॉन्सेस्टनला आहेत की. गावच्या बागेत. जपानी गावानं भेट दिलेली. लहानपणी काकांबरोबर गेले होते मी, एकानं माझं आइस्क्रीम हिसकावलं होतं. अंगठे होते त्याला. दोन्ही."

डेसनं खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "तस्मानिया ऑस्ट्रेलियात धरतात का? नाही, नकाशात कितीदा विसरतात म्हणून..."

"खात्याच्या नकाशात आहे."

"पण ती माकडं गरम पाण्यात अंघोळ करत नाहीत!" फिन म्हणाला.

थियाबाईंनी पेन उचललं. "अंघोळीचा झाकणाशी संबंध?"

"ओली बोटं."

हे ऐकून नगरसेवकसुद्धा खायचा थांबला.

"ओली बोटंच हवीत तर थंड पाणी चालेल ना?" थियाबाईंनी आपुलकीनं विचारलं. "तिकडे जुलैत पाऊस पुष्कळ. आणि एक बरं आहे, मिस्टर पर्किस, लॉन्सेस्टनला जायला परवानगीच लागत नाही. सगळा खर्च सवलतीला पात्र. तुमचं नशीब थोर."

उरलेला केक त्यांनी मेरिनला दिला आणि त्या बहिणीकडे गेल्या.

रात्रीच्या जेवणाला डेसनं ग्लेनिसला सगळं सांगितलं. जपानची गंमत होती, ती आता लॉन्सेस्टनची झाली आहे, तिथंही माकडं आहेत, डोंगर आहेत, हवा तर जपानपेक्षा थंड. ग्लेनिसनं काटा खाली ठेवला.

"सराईचे पैसे भरलेत ना?"

"भरलेत. परत मिळत नाहीत, तीच तर बोंब आहे."

"दोघांचे?"

"दोघांचे."

"मग मी नोएलीनला घेऊन जाते. माझ्या बहिणीनं तुझ्या कंपनीची पत्रकं कधी वाटली नाहीत, तिला विश्रांतीची गरज नसेल. पण मला आहे." ती उठून पासपोर्ट शोधायला गेली. जाताना म्हणाली, "तू जा रे तिकडे. संशोधन थांबता कामा नये."

जुलैत डेस आणि मेरिन लॉन्सेस्टनच्या बागेत बाकावर बसले होते. पाऊस तिरपा येत होता. बागेच्या लोकांनी मोठ्या मनानं डबा माकडांच्या आवारात ठेवू दिला होता. माकडं आधी डब्यावर बसली, मग डब्याआड बसली, मग त्याला कंटाळली. एका दांडग्या नरानं खटक्यांशी बरीच झटापट केली, दोन्ही अंगठे वापरले, झाकणाला चावून पाहिलं, आणि शेवटी डब्याला एक लाथ घालून निघून गेला. बिजागरीकडे कोणीच गेलं नाही.

"नगरसेवकानं एका दमात उघडलं असतं," मेरिन म्हणाली.

डेसला कपाटातली चौकट आठवली. इतक्या वर्षांच्या अर्जांत तेवढं एकच वाक्य खरं होतं आणि तेवढंच त्यांनी काढून टाकलं होतं.

खिशात फोन वाजला. ग्लेनिसचा फोटो. मानेपर्यंत वाफाळत्या पाण्यात ग्लेनिस आणि नोएलीन, चेहरे टोमॅटोसारखे लाल. खाली लिहिलं होतं: 'डेस, खूप मजा. एक सांगायचं राहिलं. इथं रस्त्यावर कचऱ्याचे डबेच नाहीत. दिवसभर शोधतोय. लोक आपला कचरा खिशात घालून घरी नेतात. तू आला असतास तर काय तपासलं असतंस रे?'

डेसनं ते दोनदा वाचलं आणि मेरिनला न दाखवता फोन आत ठेवला. हातातलं सँडविच संपवलं. कागद टाकायला उठला. बाकाशेजारी त्यांचाच दुसरा डबा होता, कांगारूच्या चित्राचा. डेसनं दोन्ही अंगठे खटक्यांवर ठेवून दाबले. थंडीनं बोटं बधिर झाली होती. पुन्हा दाबले. कुंपणापलीकडचा तो दांडगा नर परत येऊन जाळीला नाक लावून बसला आणि मन लावून बघू लागला.

डेसनं आणखी एकदा जोर केला. मग कागदाची नीट चौकोनी घडी घातली आणि ती कोटाच्या खिशात ठेवली.