डावी बाजू

सुनेनं गुडघे टेकून लोखंडी पाइप खुराड्याच्या पुढच्या कडेखाली सरकवला आणि हात झटकले. वरच्या अंगाला सासरे झाडाच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे देऊन उभे होते.

"झालं का गं?"

"थांबा बाबा, इथं दगड वर आलेत."

खुराडा कसला, छोटी खोलीच होती ती. जाड लाकडाची चौकट, पत्र्याचं छप्पर, खाली फळ्या. परसाची मागची भिंत फुगून त्यावर झुकली होती. आज पडते की उद्या, अशी. म्हणून तो पाइपांवरून उतारावर खाली सरकवायचा होता. मुलगा कामावरून येईपर्यंत थांबायला सासरे तयार नव्हते. आयुष्य बस चालवण्यात गेलेला माणूस. "गाढवं अडकतात त्या बोळांतून मी बस काढलीय," म्हणाले, "हे काय घेऊन बसलीस!" दोराला ढील द्यायचं काम त्यांचं, मागून सुटलेला पाइप पुढे आणून लावायचं तिचं. तिनं हात वर केला की ढील बंद, एवढं ठरलं होतं.

निम्मा उतार नीट पार पडला. "येऊ दे, येऊ दे," असं ते स्वतःलाच सांगत होते. तिला हसू येत होतं.

मग पुढचा पाइप तिरका झाला. तो सरळ करायला ती सासऱ्यांच्या डाव्या हाताकडच्या कोपऱ्यापाशी वाकली आणि तिचा पाय दोन दगडांच्या बेचक्यात रुतला. खुराडा बोटभर पुढे आला. तिनं बाजूला कलून हात वर केला.

दोर सुटतच राहिला.

"बाबा, थांबा!"

डालग्याखाली कोंडलेल्या कोंबड्यांनी एकच कल्ला मांडला होता. तिनं हात आणखी उंच केला, जोरजोरानं हलवला. सासऱ्यांचं तोंड तिच्याच दिशेला होतं. चेहरा शांत. दोर वीतवीत सोडत होते.

लाकडाची कड गुडघ्याला टेकली, मग दाबायला लागली. हे बघतायत आणि सोडतायत. तिनं जीव खाऊन पाय ओढला. चप्पल आतच राहिली, कातडी सोलवटली आणि ती कुशीवर जाऊन पडली. खुराडा दगडांवर धाडकन आदळून थांबला.

"अगं, काय झालं? लागलं का?"

ती उठली आणि लंगडत, गवताला धरत उतार चढून वर गेली. सासरे अजून खाली खुराड्याकडेच बघून ओरडत होते.

"बोल की गं! आहेस कुठं?"

त्यांचा आवाज चिरकला. दोर धरलेले हात पांढरे पडले होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतकी जवळ उभी होती.

"मी इथं आहे, बाबा."

ते दचकले. अख्खी मान वळवून त्यांनी तिला पाहिलं. मग तिच्या पायावरून ओघळणारं रक्त पाहिलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

त्यांनी बुंध्याला दोराची गाठ मारली. ती सुटली. पुन्हा मारली.

"डावीकडं पडदा ओढल्यासारखं होतं. थंडीत सुरू झालं. वाटलं, जाईल आपोआप."

ते नळावरून तांब्याभर पाणी घेऊन आले आणि खाली बसून तिच्या पायावर हळूहळू ओतू लागले. तांब्या रिकामा झाला तरी तसाच कलता धरून बसले.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "नाही, मीच सांगतो."

मग त्यांनी खिशात हात घातला आणि स्कूटरची चावी काढून तिच्यापुढे धरली.

"पोरीला आज शाळेतून तू आण."

सकाळीच पोर आजोबांच्या मागं बसून, त्यांच्या पोटाला मिठी घालून गेली होती. रोजच जायची. चौकातून, ट्रकांच्या गर्दीतून.

सुनेनं चावी घेतली. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता. तरी ती तशीच, मातीनं भरलेल्या हातांनी, फाटकाकडे निघाली.