लाल बटणाचा नंबर

मनिषाने डब्याचं झाकण लावलं. मग शेवटचा स्क्रू आवळला. होडीच्या केबिनमध्ये तिच्यामागे होडी चालवणारे तांडेल जानूकाका उभे होते. त्यांच्याकडे आपली पाठ आहे, याचंच तिला बरं वाटत होतं.

हा डबा म्हणजे होडीचा निरोप्या. मासळीचे फोटो, हवामान, संकटाचं लाल बटण, सगळं एकाच रेडिओवरून किनाऱ्याला जायचं. त्याचा प्रोग्रॅम मनिषाने लिहिलेला. आधी येईल तो निरोप आधी सुटेल, कुणावर अन्याय नको, असा सरळ हिशेब. तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं कोण कौतुक वाटलं होतं!

वास्तविक ती रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच वाढलेली. इथेही होड्या नंबरानेच लागतात, नंबरावरून भांडणंही होतात. पण काठीला शर्ट बांधलेली होडी दिसली, की आत कुणी जखमी आहे हे ओळखून सगळे मुकाट बाजूला होतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही रीत डब्याला शिकवायची तेवढी ती विसरली.

गेल्या हंगामात काकांच्या पुतण्याचा, म्हणजे कमळावहिनींच्या सूरजचा, हात जाळं ओढायच्या यंत्रात सापडला. काकांनी बटण दाबलं. पण नुकतेच त्यांनी व्यापाऱ्याला सुरमईचे फोटो धाडले होते. ते सगळे जाईपर्यंत बटणाचा निरोप त्यांच्यामागे थांबून राहिला. मदत पोचली तेव्हा उशीर झाला होता. हात कापावा लागला. निरोप का रखडला, हे मनिषाला आणि तिच्या साहेबांनाच ठाऊक होतं.

"झाला गो?" काकांनी विचारलं.

"एकदा बघून घेऊ."

आता लाल बटणाचा निरोप सगळ्यांच्या आधी सुटेल, असा बदल तिने केला होता. पण 'सुधारणा केली, एवढंच सांगायचं,' असं साहेबांनी बजावलं होतं. तिने फोटो सोडले आणि पाठोपाठ लाल बटण दाबलं. दाबते न दाबते तोच किनाऱ्यावरून उत्तराची शिट्टी वाजली. फोटो अजून वाटेतच होते.

काका डब्याच्या स्क्रीनकडे बघत राहिले.

"त्या दिशी असा नाय वाजला," ते म्हणाले. "मी घाबरलो नि बटन उशिरा दाबला, असाच सांगत आलोय सगळ्यांना. कमळावैनीच्या दारात पाय नाय ठेवला तेव्हापासून."

'सुधारणा' हा शब्द मनिषाच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"काका, तुम्ही वेळेवर दाबलंत. चूक माझी. मीच बटणाचा नंबर फोटोंच्या मागे लावला होता."

होडी धक्क्याला घासत राहिली. काकांनी एखादी शिवी हासडली असती तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला आणि गुंड्या लावल्या.

"चल."

"कुठे?"

"वैनीकडे. माझ्या तोंडून तिला खरा नाय वाटायचा."

कमळावहिनींच्या ओटीवर सूरज बसला होता. दोरीचं एक टोक दातांत धरून तो डाव्या हाताने जाळ्याला गाठ मारून बघत होता. पायरीपर्यंत काका पुढे होते. तिथे मात्र ते बाजूला झाले आणि त्यांनी मनिषाला वाट करून दिली.