नुरमत-ओतांची काळी व्होल्गा

मर्गिलान या उझबेक शहरात काळी गाडी बाळगणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. इथली पिठासारखी धूळ पांढऱ्या गाडीवर लपते आणि काळीवर मिरवते. ती धूळ चुकीच्या हाताने पुसली, की उन्हात जे दिसतं ते नुरमत-ओतांच्या जुन्या व्होल्गावर दिसत होतं: बारीक, गोल गोल ओरखड्यांचं जाळं.

"शनिवारी नात याच गाडीतून सासरी जाणार!" म्हातारे ओता, सगळ्या गल्लीचे आजोबा, तुर्दी-उस्ताच्या गाड्या धुण्याच्या आवारात कडाडले. "तिच्या आजीला मी हिच्यातूनच आणलं होतं. तीनदा घासलीस, तीनदा जाळं परत! आता राहिलं तर कालव्यापलीकडच्या धुणाऱ्याकडे नेईन, आणि का नेली ते गावभर सांगेन."

उस्ताने केव्हाच हात टेकले होते. तो बादली भरत असलेल्या सबोहतकडे, आवारातल्या एकुलत्या एक बाईकडे, वळून हसला. "आमच्या ओपाला, या ताईला, द्या. नऊ वर्षं बादल्या उचलतेय. काय गं, जमेल?"

"आणि जमलं तर?"

"तर बेलबोग बांधीन!"

आवारातले सगळे खिदळले. शागीर्द तयार झाला, की उस्ताने चारचौघांत त्याच्या कंबरेला चौकोनी रुमाल, म्हणजे बेलबोग, बांधायचा. त्या दिवसापासून तोही उस्ता, म्हणजे उस्ताद. तुर्दीने नऊ वर्षांत चौघांना बांधला. त्यांतल्या दोघांना पॉलिशचं यंत्र धरायला सबोहतनेच शिकवलं होतं. तिचं नाव निघालं की "बाईमाणसाच्या कंबरेला?" एवढ्यावर विषय संपे. सबोहतला तो रुमाल हवा होता. खोटं कशाला बोला, फार हवा होता.

"सगळ्यांनी ऐकलंय हं, उस्ता," ती म्हणाली.

तिने बादलीला हात लावला नाही. आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. जाळं बॉनेटवर होतं, दारांवर होतं. टपावर मात्र एक रेघ नव्हती. बॉनेटवरही ते बरोबर एका हाताच्या अंतरापर्यंत, तेही आखूड हाताच्या. सबोहतने ओतांकडे पाहिलं. ओता उंचीने जेमतेम तिच्या खांद्याला लागत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

"ओता, गाडी रोज पुसता?"

"म्हणजे काय! सकाळची नमाज झाली की पहिलं काम. नातीच्या आजीने विणलेल्या बेलबोगने." ओतांनी कंबरेचा नक्षीदार रुमाल सोडून अभिमानाने दाखवला. "पाण्याचा थेंब लावत नाही, गंज चढेल म्हणून."

तिने पांढरा चहाचा पियाला घेतला, नळाचं पाणी भरलं आणि रुमालाचं टोक त्यात खळबळलं. मग पाणी अलगद ओतून दिलं. तळाशी बारीक वाळू चमकत होती.

"जाळं उस्ताने नाही विणलं, ओता. तुम्हीच विणलंत. रोज, कोरड्या धुळीवर, गोल गोल."

 गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून उस्ताने कपाळावर हात मारला. ओतांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. "मी तर मायेनं पुसत होतो गं," ते पुटपुटले.

"माया तशीच ठेवा, ओता. पाणी तेवढं वाढवा."

दोन दिवस तिने गाडी तुतीच्या सावलीतून हलू दिली नाही. आधी नुसतं पाणी सोडलं, धूळ आपणहून वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या मांडल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. मेंढीच्या लोकरीचा हातमोजा दर हाताला साध्या पाण्यात पिळायचा, मगच साबणात. टपाकडून खाली, सरळ रेषेत. मोजा चुकून जमिनीवर पडला, तर तो बाद. पंचा घासायचा नाही, पसरायचा आणि उचलायचा. पॉलिश आधी तळहाताएवढ्या जागेवर करून पाहिलं आणि मगच पुढे गेली.

"नवरी गाडीत बसायचीय का गाडीच नवरी आहे?" उस्ताने टोमणा मारला.

"दोघी," ती मान वर न करता म्हणाली.

शनिवारी भर दुपारी ओतांच्या दारात कर्णे वाजत होते. व्होल्गा उन्हात उभी होती, ती पोचवायला आलेले उस्ता आणि सबोहत शेजारी होते, आणि नवरी उंबरठ्यावर येते न येते तोच गल्लीतून वावटळ आली. क्षणात बॉनेट करडं. ओतांचा हात सवयीने कंबरेकडे गेला, रुमाल सुटला, बॉनेटवर उतरू लागला. सबोहत एक पाऊल पुढे सरकली. पण लग्नघरात यजमानाचा हात कोण धरणार?

रुमाल वीतभर वर थांबला.

"ओपा," ओता गरजले, "पाणी आण!"

तिने अंगणातल्या नळाची नळी सोडली. पाण्याचा अखंड पडदा काळ्या पत्र्यावरून सरकला आणि सगळी धूळ घेऊन गेला. तिने पंचा पसरला, उचलला. बॉनेटमध्ये सूर्य दिसत होता, एकसंध, भोवती एकही रेघ नाही. तुर्दी-उस्ता वाकला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. मग दिवा विझवला.

"नाही," तो म्हणाला. "एकही नाही." आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्यापुढे मान खाली घातली. सबोहतला आनंद इतका झाला, की हातातल्या नळीने तिचेच जोडे भिजत होते हेही तिला कळलं नाही.

ओतांनी आपला नक्षीदार बेलबोग झटकला, तिकोनी घडी घातली आणि उस्ताच्या हातात दिला.

"हा गाडीला चालत नाही म्हणे. बांध हिच्या कंबरेला."

उस्ता घुटमळला. "ओता, बाईमाणसाच्या..."

"बाईनेच विणलाय तो," ओता म्हणाले. "बांध."

कर्णे थांबले होते, सगळी गल्ली पाहत होती. तुर्दीने गाठ मारली, घट्ट. नवरी गाडीत बसता बसता वळली आणि म्हणाली, "सबोहत-उस्ता, दार तेवढं तुम्हीच लावा."